शिडी माझीच होती

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय बीबीचा आहे, त्यातही आमच्या एका गल्लीचा. कोणावर राग काढायचा असेल तर पहिला माझ्यावर काढा, कारण गोष्ट माझ्यापासूनच सुरू होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या जांभळाची "छाटणी" झाली. सकाळी आठला दोन माणसं आली आणि दुपारी बाराला झाडाच्या जागी एक खांब उभा होता. वर तीन थोटकं, पान एकही नाही. खाली फांद्यांचा ढीग आणि त्या फांद्यांना हरभऱ्याएवढी हिरवी जांभळं लगडलेली. तीन-चार आठवडे थांबलो असतो तर ती पिकली असती. ती माणसं कुठल्या खात्याने पाठवली नव्हती. गल्लीनेच वर्गणी काढून आणली होती, घरटी शंभर रुपये. मीही दिले. आणि ज्या शिडीवर चढून झाड बोडकं केलं, ती शिडी माझीच होती. माझं वेल्डिंगचं दुकान आहे, कोणालाही शिडी लागली की माझ्याकडेच येतात. "थोडं हलकं करायचं हाय," म्हणाले. मी म्हटलं, न्या. किती हलकं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

जूनमध्ये माझ्या लेकीने विचारलं, "पप्पा, आपलं जांभूळ यंदा काऊन नाही आलं?" मी बाजारातून पाव किलो जांभळं विकत आणली. ज्या घराच्या दारात जांभूळ, त्या घरात विकतची जांभळं! माझ्या मायने ती ताटात घेतली, बघितली आणि म्हणाली, "तुह्या शिडीचे पैसे फिटले बापा." त्यावर मी काय बोलणार?

आता जुलै आहे आणि नंबर लागलाय कोपऱ्यावरच्या गावरान आंब्याचा. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसणार, झाड मधे येतं, म्हणून ते काढावं असा अर्ज फिरतोय. अर्ज आपल्याच गल्लीतून निघालाय, बाहेरच्या कोणी सांगितलेलं नाही. चौदा घरांपैकी नऊ सह्या झाल्यात. परवा कागद माझ्याकडे आला, तेव्हा मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो विचार इथे लिहितोय, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल.

माझं म्हणणं एवढंच आहे: गल्लीतलं झाड त्याची फळं खाणाऱ्यांमुळे जगतं. खाणारे कमी झाले की त्याच फळांचा कचरा होतो, आणि कचरा झाला की कुऱ्हाड येते. छाटणी हे पुढच्या वर्षी फळ खायचं म्हणून करायचं काम आहे. ते आपण झाड संपवण्याचं काम करून टाकलंय.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हेच जांभूळ होतं. ते कोणी लावलेलं नाही. कोणीतरी जांभूळ खाऊन थुंकलेल्या बीचं झाड आहे ते, असं जुनी माणसं सांगतात. तेव्हाही जांभळं खाली पडायची, पण सकाळी सातनंतर गल्लीत एक जांभूळ दिसत नव्हतं. आधी आम्ही पोरं, मग शेळ्या. जिभा जांभळ्या, शर्टाला डाग, घरी मार. आंब्याचंही तसंच. कैऱ्या उतरवल्या की लोणच्याला चार घरी वाटल्या जायच्या. आखाजीला रस झाल्याशिवाय घरात कोणी आंब्याला तोंड लावायचं नाही, आधी पितरांचा घास. पाड लागला की एक आजोबा रोज सकाळी झाडाकडे बघून सांगायचे, आज उतरवा, उद्या नको. घरात आढी लागली की आंब्याचा वास तीन घरं पलीकडे जायचा. शेवटचे आंबे उतरले की तेच आजोबा करवत घेऊन वाळलेल्या फांद्या काढायचे. तेव्हा पर्यावरण हा शब्द आमच्यापैकी कोणाच्या तोंडात नव्हता. ज्याला पुढच्या वर्षी आंबा खायचाय तो माणूस आपोआप झाड नीट ठेवतो, एवढाच हिशेब होता.

मग गाड्या आल्या. गेट बारा फुटांचं पाहिजे झालं. ती गेटं मीच बनवली, नाकारत नाही. आंबा पेटीतून यायला लागला. संक्रांतीला बोरन्हाण घालायला बोरंसुद्धा आपण बाजारातून आणतो, तीही सफरचंदासारखी मोठी. ती लेकराच्या डोक्यावर टाकायची म्हणजे लेकराचीच काळजी वाटते. दारातलं फळ खाणं गरिबीचं लक्षण वाटायला लागलं. मग जांभळं पडून कुजायला लागली, माशा आल्या, आणि समोरच्या काकू त्यावरून घसरून पडल्या. त्यांचं मनगट मोडलं. त्यांची तक्रार खोटी नव्हती. खोटं होतं ते त्यावर आपण काढलेलं उत्तर.

आता छाटणी म्हणजे काय ते जरा बोलू. आपण सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. शेतातल्या झाडाला जे करणार नाही ते गल्लीतल्या झाडाला करतो, याचं मला नवल वाटतं.

बोरीची छाटणी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये चांगली खोलवर करतात, कारण बोर नव्या फुटव्यावर येतं. जामाच्या, म्हणजे पुस्तकातल्या पेरूच्या झाडालाही नवी फूट हवी असते, त्याची हलकी छाटणी मानवते. सीताफळाची करायची तर पानगळ झाल्यावर, फूट येण्याआधी. आंब्याची फळं उतरल्यावर: वाळकं काढायचं, एकमेकांना घासणाऱ्या फांद्या काढायच्या, मधे ऊन जाईल एवढं मोकळं करायचं, बस. जांभळाला तर दरवर्षी छाटणी लागतच नाही. मेलेली फांदी काढली, तारेकडे जाणारी काढली, संपलं काम. प्रत्येक झाडाची वेळ वेगळी आहे, पण फळं झाडावर असताना छाटायचं असं यातल्या एकाचंही नाही.

आणि कापायचं कसं? जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग जरा पुढे वरून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नेते. मग उरलेलं थोटूक काढायचं, पण खोडाला अगदी घासून नाही. फांदी जिथून निघते तिथे एक फुगीर कडं असतं, ते ठेवायचं. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंद करतं आणि त्या कड्याकडून नवी साल चढवत आणतं. कडंच कापलं तर साल चढणार कुठून? आणि लांब थोटूक ठेवलं तर ते कुजत आत जातं. कापावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. संत्रा-लिंबूवाल्यांना हे पाठ आहे. एका वेळी झाडाचा पाव हिस्सा, त्याच्या पुढे जायचं नाही.

आपण काय केलं? सगळा शेंडा उडवला. असं केलं की झाड घाबरल्यासारखं एकदम ढीगभर पाणसोट फेकतं. ते जोरात वाढतात, पण खोडाला वरवर चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांनी तेच जाड होतात आणि वादळात फाटून पडतात. म्हणजे "फांदी पडेल" या भीतीने आपण जे केलं, त्यानेच फांदी पडायची सोय झाली. वर मेच्या उन्हात खोड उघडं पडून साल तडकली ती वेगळीच.

कायद्याचं विचाराल तर तोही आहे. शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा झाड तोडणंच धरलंय. बीबी ग्रामपंचायतीचं गाव, म्हणून तो इथे लागत नाही. पण त्याच्याही आधीचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग-चंदनाबरोबर आंबा, जांभूळ, चिंच, फणस, मोह ही झाडं नावानिशी आहेत. झाड स्वतःच्या जागेत असलं तरी ते तोडायला लेखी परवानगी लागते. अर्जावर नऊ सह्या म्हणजे परवानगी नव्हे, एवढं सही करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. दंड किती हा माझा मुद्दाच नाही. दंड भरून कैरी येत नाही.

दरवर्षी १२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जातो. आपल्यापासून ते काही लांब नाही. शिवजयंतीला आपल्याच गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो, महाराजांनी झाडं तोडू नका असं सांगितलं होतं म्हणून. त्याच्यामागे खरा आधार काय आहे तेही वाचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणात हा विषय येतो. जहाजांना लाकूड लागतं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं आहे. तरी त्या झाडांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा मतलब आहे. आणि एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावं. बघा, आरमार उभं करायचंय, तरी राज्य फळझाडाच्या मालकाला आधी विचारतं. आम्हाला पेव्हर ब्लॉक बसवायचेत, तर आम्ही कोणाला विचारलं? मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांतल्या किमान तिघांची सही त्या अर्जावर आहे. नावं घेत नाही, ज्याचं त्याला माहीत.

"एक काढू, दहा लावू" असं एकजण म्हणाला. या वाक्यावर बोलायचा मला पुरेपूर अधिकार आहे. २०१६ च्या १ जुलैला राज्यात २ कोटी झाडं लावायचं ठरलं, पुढे ४ कोटी, १३ कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटी. त्या वर्षांत मी रोपांच्या जाळ्या बनवल्या. एका ठिकाणी तर असं झालं की जाळी तीच, खड्डा तोच आणि रोप दरवर्षी नवीन. ठिकाण सांगत नाही. फोटो मात्र दरवर्षी झकास निघाला आणि जाळीचं बिल मी घेतलं. लावणं वाईट असं मी म्हणत नाही. पण कोयीपासून आलेला आंबा फळायला सात-आठ वर्षं तरी घेतो. आज रोप लावलं तर आत्ता पहिलीत असलेली माझी लेक त्याचा पहिला आंबा खाईल तेव्हा ती दहावीच्या आसपास असेल, तेही जाळीतलं रोप जगलं तर. उभा आंबा पुढच्या आखाजीला देतोय, तो सोडून आपण ही उधारी का करतोय?

आणि लावतो काय, तेही बघा. ज्याला फळ नाही, ज्याचं पान पडत नाही, ज्यावर पाखरू बसत नाही असं शोभेचं झाड हवं. कोनोकार्पस नावाचं असंच एक हिरवंगार परदेशी झाड सगळीकडे लागलं, आणि २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. "कचरा होत नाही" हा झाडाचा गुण कधीपासून झाला?

नवी दिल्लीत इंग्रजांनी राजधानी वसवताना रस्त्यांच्या कडेने जांभळं लावली. मंत्री-खासदार राहतात तो भाग. तिथली नगरपालिका त्या जांभळांच्या फळांचा लिलाव करते. पावसाच्या तोंडावर ठेकेदाराची माणसं झाडावर चढून फांदी हलवतात, खाली चादर ताणून फळं झेलतात आणि फुटपाथवरच विकतात. देशाच्या राजधानीत जांभूळ कचरा होत नाही, आणि आपल्या चौदा घरांच्या गल्लीत होतो! बरं, लिलाव आपल्याला नवा आहे का? चिंचेचा, आंब्याचा हर्रास आपल्या बापजाद्यांनी पाहिलेला आहे.

आता गल्लीतल्या तक्रारी. त्या मी हसण्यावारी नेत नाही.

जांभळावरून माणूस घसरतो. खरंय. म्हणून हंगामातले वीस-पंचवीस दिवस झाडाखाली जुन्या साड्या शिवून बांधायच्या. फळ झेललं जातं, खराब होत नाही, जमीनही साफ राहते. माझ्याकडे पाइपचे तुकडे आहेत, चौकट मी फुकट करून देतो.

फांदी तारेला लागते. हेही खरंय. पण ते काम गल्लीतल्या पोरांनी माझी लोखंडी शिडी घेऊन करायचंच नाही. तारेजवळ लोखंडी शिडी म्हणजे मरणाला आमंत्रण. लाईन बंद करून लाईनमननेच ते करावं आणि आपल्यातल्या एकाने तिथे उभं राहून सांगावं की तारेकडची तेवढीच काढा. आपण कोणी उभे राहत नाही आणि मग संध्याकाळी बोंबलतो.

पोरं दगड मारतात, काचा फुटतात. दगड मारतात कारण हातात दुसरं काही नाही. बांबूला कडं आणि जाळीची पिशवी लावून द्या, मारतील कशाला?

वान्नेरं येतात, पत्रे फोडतात. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, प्रामाणिकपणे सांगतो. पण जांभूळ बोडकं केल्यावर वान्नेरं यायची थांबली का? ती आता झाडावर बसत नाहीत, सरळ पत्र्यावर बसतात. पत्रे बदलायला लोक माझ्याकडेच येतायत, म्हणून मला नक्की माहीत आहे.

आणि पेव्हर ब्लॉक. बसवा, माझा विरोध नाही, चिखलातून मीही चालतो. पण बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, कारण मुळांना पाणी आणि हवा मिळत नव्हती. आपण आधीच एक मीटर सोडलं तर नंतर फोडायला नको. मी टेप घेऊन मोजलंय: आंब्याभोवती एक मीटर सोडूनही ट्रॅक्टर आरामात जातो. कोणाला शंका असेल तर समोर मोजून दाखवतो. फक्त एका घराला गाडी वळवताना एकदा मागे घ्यावी लागेल. एवढ्यासाठी आंबा जाणार?

तर मंडळी, नुसती तक्रार करून मी थांबत नाही. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. तिथे मी एवढंच मांडणार:

एक, प्रत्येक गल्लीतल्या फळझाडांची यादी करा आणि प्रत्येक झाडाला एक घर नेमा. झाड कोणाच्याही जागेत असो, राखणारा कोण ते ठरलेलं पाहिजे.

दोन, छाटणी फळं उतरल्यावरच, आणि माहितगार माणसाच्या देखरेखीखाली. काय काढायचं ते आधी चुन्याने खूण करून सगळ्यांना दाखवायचं. खुणेबाहेर करवत लागणार नाही.

तीन, फळाची वाटणी. जे घर झाडाखालचं झाडून काढतं, त्याचा पहिला वाटा. मग लेकरं आणि म्हातारी माणसं. उरलं तर हर्रास, आणि तो पैसा झाडावरच.

चार, एखादं झाड काढायची मागणी आली तर एक हंगाम थांबायचं. त्या हंगामात गल्लीने मिळून फळ खायचं. खाऊनही ज्यांना झाड नकोच असेल, त्यांनी मग अर्ज करावा. वाळवी लागलेलं, आतून पोकळ, अंगावर येणारं झाड असेल तर गोष्ट वेगळी. ते दाखवा, रीतसर परवानगी घ्या, मी स्वतः वर्गणी देतो.

कोणी म्हणेल, हा वेल्डर आता झाडांचा डॉक्टर झाला. नाही भाऊ. चूक केलेला माणूस आहे, म्हणून जरा शिकून घेतलं. मे महिन्यात कोणी मला हे सांगितलं असतं तर मी शिडी दिली नसती.

जांभळाचं सांगायचं राहिलं. पहिल्या पावसानंतर तिन्ही थोटकांवर तांबूस पालवी फुटली आहे. गल्लीतले खूश झाले, "पाहा, मेलं नाही ना!" मेलं नाही, पण एकेका थोटकावर वीस-वीस फुटवे आहेत. सगळे ठेवले तर एकही धड होणार नाही. चांगल्या जागेचे, मजबूत असे चार-पाच ठेवून बाकीचे हळूहळू, टप्प्याटप्प्याने काढावे लागतील, आणि जांभूळ परत धरायला काही वर्षं जातील. ते झाड माझ्या घराकडे नेमा. शंभर रुपये दिले होते, त्याचं हे प्रायश्चित्त.

आणि आंब्याच्या अर्जावर माझी सही मिळणार नाही. शिडी दुकानाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवली आहे. आंब्याची वाळकी फांदी काढायची असेल तर पाऊस उघडला की सकाळी या, शिडी न्या, मी खाली धरायला उभा राहतो. झाड काढायचं असेल तर शिडी दुसरीकडून आणा.

ज्या नऊ जणांनी सही केलीय त्यांनी एकदा आपापल्या मायला विचारावं, यंदाचं लोणचं कोणत्या झाडाच्या कैऱ्यांचं आहे. मग १५ ऑगस्टला भेटू.